झमकूबाईची पाठ

आमच्या घरात स्वयंपाकाची आणि फोटोची भांडी एकच होती, आणि त्यावरून आईबाबांची रोज एक चकमक झडायची. पीठ मळायची परात बाबा फोटोच्या काचा धुवायला उचलून न्यायचे. आई ती राखेने तीनदा घासायची आणि तरी हुंगून बघायची. "माह्या भाकरीले दवाखान्याचा वास येते, अन् लोकं म्हन्तात बाईले रांधता येत नाई," हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. बोरी अरबच्या बाजारओळीत आमच्या दोन खोल्या होत्या. पुढे स्टुडिओ, मागे आम्ही तिघं, आणि मध्ये लाल काचेच्या झरोक्याची एक अंधारी खोली. गावात वीज यायची होती. फोटो उजेडावर काढायचे आणि उन्हावर छापायचे. लाकडी चौकटीत काच आणि कागद दाबून अंगणात मांडायचे, की ऊन आपलं काम करतं. वाळत घातलेल्या तुरीशेजारी लोकांचे चेहरे ओळीने पडलेले असत आणि आई ओरडायची, "गोदे, कोंबड्या हाकल! पाव्हन्याच्या डोक्यावर चढून राह्यल्या."

बाबा मूळचे रंगारी. पोळ्याला बैलांची शिंगं, एरवी देवळांच्या भिंती, दुकानांच्या पाट्या. तरुणपणी अमरावतीला एका फोटोवाल्याचे पडदे रंगवायला गेले आणि तिथून त्याचा जुना कॅमेरा घेऊनच परतले. आमच्या स्टुडिओतला पडदा त्यांनीच रंगवला होता. त्यावर महालाच्या पायऱ्या, कमळांचं तळं आणि तळ्यात एक राजहंस होता. आई त्याला बदक म्हणायची आणि तेही पोटुशी. अर्ध्या तालुक्याचे नवरा-नवरी त्या बदकासमोर उभे राहून गेले आहेत. आम्ही तेव्हा नुकतेच मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो होतो. लोक म्हणत राज्य बदललं. आम्हाला फरक एवढाच जाणवला की बाबांना दोन पाट्या नव्याने रंगवायला मिळाल्या.

घरात माझं काम होतं पेन्सिल मारायचं. तेव्हा फोटो आधी काचेवर घ्यायचा, आणि काचेवर सगळं उलटं येतं, काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. गालावरचा काळा डाग काचेवर फिकट ठिपका होऊन बसतो. त्या ठिपक्यात टोकदार पेन्सिलीने केसासारख्या बारीक रेघा भरल्या की फोटोतून डाग गायब होतो. पेन्सिल धरावी म्हणून आधी काचेवर टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेल्या राळेचा हात फिरवायचा. चुकलं तर टर्पेंटाइनच्याच बोळ्याने पुसून पुन्हा करता येतं. सुरीचं तसं नाही. सूज, लोंबती हनुवटी असलं काही कमी करायचं तर काचेवरचा थर सुरीने खरवडावा लागतो, आणि खरवडलेलं परत येत नाही. हे मी चौदाव्या वर्षी शिकले. सोळाव्या वर्षी माझा हात असा बसला होता की लोक बाबांना नाही, मला सांगून जायचे. "पोरी, तेवढे वांग काढजो." "माही लेक थोडी उजळ करजो वं, सोयरीक पायनं चालू हाय." मी करायचे. खोटं कशाला बोलू, मला फार अभिमान होता त्याचा.

आता माझ्या नातीच्या मोबाइलमध्ये हे सगळं आपोआप होतं. परवा तिने माझा फोटो काढून दाखवला. एक सुरकुती नाही, तांदळाच्या पिठाची बाई वाटत होते. मी म्हटलं, पुसून टाक ते. तिला वाटलं आजी लाजली. मला राग आला होता, आणि तो का आला हे सांगायला मी हे प्रकरण लिहिते आहे.

शोकेसच्या मधोमध एका पाटलांचा फोटो होता. गाव नदीपलीकडचं, त्याचं नाव लिहीत नाही, कारण त्यांची नातवंडं भली माणसं आहेत. आमच्या दोन्ही खोल्या त्यांच्याच मालकीच्या. लहानपणी त्यांना देवी आल्या होत्या, तोंडाची पार चाळण झालेली. त्या एका काचेवर मी तीन दिवस पेन्सिल मारली. फोटो पाहून पाटील बाबांना म्हणाले, "मास्तर, पोट्टीच्या हातात जादू हाय बरं." त्या रात्री मी चार भाकरी खाल्ल्या.

झमकूबाई आली ती कापसाच्या वेचणीत, थंडीच्या एका सकाळी. पाटलांच्या गावाशेजारी बंजाऱ्यांचा तांडा होता. बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरणाऱ्यांचे हे वंशज आता तिथेच राहून आपापली शेती करत आणि हंगामात दुसऱ्यांच्या कापसाला जात. झमकूबाई तिशीची असेल. केसांत गालापर्यंत लोंबणाऱ्या चांदीच्या घुगऱ्या, कोपराच्या वर पांढऱ्या बांगड्या, अंगात कांचळी म्हणजे चोळी आणि फेटिया म्हणजे घेरदार घागरा, आणि डाव्या गालावर कानापासून ओठापर्यंत एक वळ. डोळ्याखाली सूज. बरोबर तांड्याचा नायक होता, म्हातारा, फेटा नीट बांधलेला. बोलायला त्यानेच सुरुवात केली.

"मास्तर, हिचा फोटो काढा. आमी ठान्यात गेलतो. जमादार म्हन्ते, मारलं त दवाखान्याचा कागद आन. दवाखान्यात डाक्टर नाई, सोमवारी येते. सोमवारपावतर हे सारं वाळून जाईन."

"कोनं मारलं?" बाबांनी विचारलं.

उत्तर झमकूबाईने दिलं. पाटलांच्या शेतावर संध्याकाळी वेचणाऱ्या बायांना रांगेत उभं करून झडती घ्यायचे. कापूस चोरला का बघायला दिवाणजी, म्हणजे पाटलांचा शेतावरचा कारभारी, स्वतः हात घालायचा. "ओढनी झटकून दाखोली. फेटिया झटकला. तरी त्याचा हात कांचळीकडे आला. मी हात धरला त्याचा. म्हटलं, बाईमानसाले पाठव, माह्या अंगाले तू हात लावाचा नाई. मंग त्यानं बैलाची परानी घेतली. पाटील वावराच्या कडेले, धुऱ्यावर उभा होता. पायत होता."

पाटलांचं नाव निघालं तसं बाबांनी कॅमेऱ्यावरचा हात काढला. भिंग पुसायचं निमित्त केलं. बरंच पुसलं. आत आई अंबाडीची भाजी निवडत बसली होती, तिला सगळं ऐकू जात होतं. ती तिथूनच म्हणाली, "फोटोच काढाचा हाय ना, का पाटलाच्या वावरात नांगर घालाचा हाय? काढा." बाबांनी काढायचं ठरवलं. एक गोष्ट त्यांनी न सांगता केली. तो बदकाचा पडदा त्यांनी गुंडाळून वर बांधला. मागे नुसती पोपडे आलेली भिंत राहिली.

नायक बाहेर जाऊन पाठमोरा उभा राहिला. झमकूबाईने ओढणी काढली. त्यांची कांचळी मागून उघडी असते, नाड्यांनी बांधलेली, आणि त्या उघड्या पाठीवर ओढणी कायम असते. परक्या पुरुषासमोर ती काढायची नाही, हे तिच्या आईने तिला बोलायच्या आधी शिकवलेलं असणार. बाबा काळ्या कापडाखाली शिरले ते लवकर बाहेर आलेच नाहीत. त्या पाठीवर काय होतं ते मी मोजलं नाही आणि लिहीतही नाही. मी चादर धरून उभी होते, खिडकीचा उजेड तिच्यावर पडावा म्हणून. 

"अशीच पाठ करून ऱ्हाय बाई," बाबा कापडाआडून म्हणाले.

"नाई," ती म्हणाली. "पाठ कोनाची बी रायते. पाठीवर नाव नसते. माहं तोंड बी आलं पायजे." आणि तिने मान वळवून खांद्यावरून सरळ भिंगात पाहिलं. बाबांनी सहा आकडे मोजले. भले भले दोनवर पापणी पाडतात. ती हलली नाही.

आता जे लिहायचं ते लिहिताना अजूनही हात जड होतो. दुसऱ्या दिवशी आठवड्याच्या सगळ्या काचा माझ्यापुढे आल्या. दोन लग्नाळू मुली, एक शाळामास्तर, एक बाळंतपणातून उठलेली सून, आणि त्यांच्यात झमकूबाई. मी खिडकीशी बसले. झमकूबाईची काच हातात घेतली तेव्हा मला तिची दया आली, अगदी मनापासून आली. इतकी देखणी बाई, पहिल्यांदा फोटो काढलाय आणि असं तोंड! गालावरचा वळ मी पेन्सिलीने भरला. डोळ्याखालची सूज सुरीने खरवडली. मग हात पाठीकडे गेला. काचेवर फिकट रेघा होत्या, आणि फिकट रेघा भरायच्या हेच माझ्या बोटांना माहीत होतं. दुपारपर्यंत पाठ स्वच्छ झाली. इतकं सुबक काम मी त्याआधी केलं नव्हतं. बाबांनी काच उजेडात धरली, बराच वेळ पाहिली आणि "बरं" म्हणाले. कॉपी छापून नायकाकडे गेली.

चार दिवसांनी झमकूबाई एकटी आली. दुकानात दुसरं गिऱ्हाईक होतं, ते उठेपर्यंत ती दारात उभी राहिली. मग तिने फोटो माझ्यापुढे टाकला.

"ही कोन हाय?"

मला कळेना. "तूच ना बाई."

"मी नोहे. जमादारानं सगळ्या ठान्याले दाखोला. म्हने, मार खाल्लेली बाई हाय का नवरी हाय? हासले सारे. माही पाठ कुठं हाय, छोरी? माही पाठ दे."

तिने तिथेच ओढणी खाली केली. खपल्या धरून गळायला लागल्या होत्या. मला तेव्हा समजलं मी काय केलं होतं. दिवाणजीने तिला मारलं होतं, आणि ते मारणं झालंच नाही असं मी माझ्या हाताने लिहून दिलं होतं, तेही दया म्हणून. मी रडायला लागले. ती म्हणाली, "रडून काय करतं? तुले मारलं का कोनं?" ते बरोबरच होतं. मी रडणं थांबवलं.

बाबांना विचारलं, "तुम्ही पायलं होतं ना?"

"पायलं."

"मंग काहून नाई बोलले?"

बाबा खोटं बोलणारे नव्हते. "तूनं केलं अन् मले बरं वाटलं," ते म्हणाले. "खोली त्यायची हाय, गोदे. त्यायच्या पोरीच्या लग्नाच्या फोटोचं काम त्यायनं आपल्याले देल्लं."

 मी टर्पेंटाइनची बाटली काढली, बोळा भिजवला आणि काच पुसायला लागले. बोळा काळा होत गेला आणि पाठीवरच्या रेघा एकेक करून परत आल्या. गालावरचा वळ आला. डोळ्याखालची सूज मात्र आली नाही, ती सुरीची होती. झमकूबाई शेजारी उकिडवी बसून पाहत होती. "एवढं त आलं," ती म्हणाली. तिने माझी समजूत काढली हे मला तिच्या मघाच्या बोलण्यापेक्षाही सोसवेना.

कपाटात कागदाचा एक न फोडलेला डबा होता, पाटलांच्या मुलीच्या लग्नासाठी नागपूरहून मागवलेला. तो मी फोडला. "गोदे, थो कागद नोको," बाबा म्हणाले. मी म्हटलं, दुसरा नाही. बाजाराच्या आदल्या दिवशी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत मी अंगणात चौकटी लावत होते. बाबा ओसरीवर बसून राहिले. थांबवलं नाही, मदतही केली नाही. आईने कोंबड्या स्वतः हाकलल्या. संध्याकाळी तिने मला गरम भाकरीवर झुणका आणि लसणाचा ठेचा दिला आणि परात हुंगली नाही.

बाजाराच्या दिवशी सकाळी शोकेस रिकामी केली. नवरे-नवऱ्या, मुंजीतले बटू, पाटील, सगळे काढले. सगळीकडे एकच फोटो लावला. झमकूबाईला आधी विचारलं होतं, ती म्हणाली होती, "लाव. पायू दे साऱ्यायले." खाली बाबांच्या कुंचल्याने लाल रंगात पुठ्ठ्यावर लिहिलं, "कापूस वेचणाऱ्या या बाईने पुरुषाच्या हाताने झडती देण्यास नकार दिला, म्हणून." अक्षरं वाकडी आली, पण दुरून वाचता येत होती. नऊ वाजता दहा माणसं होती, अकराला रस्ता अडला. वाचता येणारे इतरांना वाचून दाखवत. बाया मात्र वाचायला थांबल्या नाहीत. त्या फोटो पाहायच्या, पदर ओढायच्या, आणि एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "आमची बी घेतात ना बाप्पा झडती. आमी कुठं सांगतलं कोनाले?" त्यानंतर बाया एकमेकींशी बोलायला लागल्या.

पाटील आले तेव्हा गर्दी दुभंगली. त्यांनी शांतपणे सगळे फोटो पाहिले. मग बाबांना हाक मारली. "मास्तर, काय तमाशा हाय हा? काढा हे."

बाबा दारात आले. 

"पेन्सिलीचं काम हाय हे," पाटील गर्दीकडे वळून म्हणाले. "ह्या पोट्टीले सारा गाव ओयखते. डाग काढता येते तिले, त लावता बी येते. तांड्यावाल्यायनं काढून घेतलं तिच्याकून."

गर्दीत चुळबुळ झाली. कारण ते खरं वाटण्यासारखं होतं. त्यातल्या निम्म्या घरांत माझ्या पेन्सिलीने धुतलेले चेहरे लटकत होते.  मला संताप आला.

"काका," मी म्हटलं, "पेन्सिल टर्पेंटाइननं निंगते. खरं असन थे निंगत नाई. मी सगळ्यायच्या समोर पुसतो. पन एकीची काच पुसून कसं समजन? अजून एक पायजे. पेन्सिल मारलेली." मी आत वळून म्हटलं, "बाबा, यायची काच आना."

बाबा आत गेले. बाहेर यायला इतका वेळ लागला की मला वाटलं ते मागच्या दाराने निघून गेले. पाटीलही तसंच समजले असावेत, कारण ते हसले. तेवढ्यात बाबा आले. हातात फडक्यात गुंडाळलेली पाटलांची काच होती. त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि माझ्या शेजारी उभे राहिले. आईने आतून देवाच्या वातींचा कापूस आणून माझ्यापुढे धरला.

पहिल्यांदा झमकूबाईची काच. बोळा भिजवून पाठीवरून फिरवला, गालावरून फिरवला, आणि वर धरला. पांढरा. काच उन्हात धरली, रेघा तिथेच, आणि त्यांच्यावर सुरीचा ओरखडा नाही. मग दुसरा बोळा, पाटलांची काच. कपाळ, दोन्ही गाल, नाक. बोळा वर धरला तेव्हा तो तव्याच्या बुडासारखा झाला होता.  मग मागून कोणीतरी म्हणालं, "आबाबाबा, पाटील त सारे पेन्सिलीचेच निंगाले!" आणि बाजार हसला.

मला त्या हसण्याचं आजही वाईट वाटत नाही. देवीचे व्रण हा कोणाचा गुन्हा नव्हे, हे मला कळतं. पण धुऱ्यावर उभं राहून पाहणं हा होता.

खटला उभा राहिला नाही. जमादाराने तक्रारीचा कागद घेतला, कॉपीही घेतली, आणि दिवाणजीला समज देऊन सोडलं. पुढच्या आठवड्यात मात्र पाटलांच्या शेतात संध्याकाळी बाया रांगेत उभ्याच राहिल्या नाहीत. हाताची घडी घालून कापसाच्या ढिगाशी बसल्या. वेचणी ऐन भरात होती आणि दुसऱ्या बाया मिळत नव्हत्या. झडती बंद झाली. हळूहळू आजूबाजूच्या वावरांतही झाली. आमच्या खोल्या आठ दिवसांत खाली करून मागितल्या गेल्या. बाबांनी पांढरकवड्याला हमरस्त्यावर जागा पाहिली, म्हणाले, ट्रकवाल्यांना फोटो लागतात आणि ट्रकांना रंग.

सामान बांधत होतो त्या दिवशी झमकूबाई आली. परात गाडीत गेली होती, कॅमेरा तेवढा राहिला होता. "माहा एक साधा फोटो काढ," ती म्हणाली. "सगळ्याइवानी. समोरून." बाबांनी तिला स्टुलावर बसवलं. तिच्या गालावरचा वळ फिका झाला होता, पण होता. मी चादर धरली. बाबा कापडाखाली शिरणार तेवढ्यात तिने हात वर केला.

"थांबा. छोरी, तुही पेन्सिल कुठं हाय?"

मी खिशातून काढून दाखवली.

"इकडे दे."

दिली. तिने ती उजव्या मुठीत घट्ट धरली, मूठ मांडीवर ठेवली आणि भिंगात पाहिलं. "आता काढा," ती म्हणाली. बाबांनी सहा आकडे मोजले. ती उठली आणि पेन्सिल घेऊनच गेली. ती काच माझ्याकडे आहे. तिच्यावर मी कशाचाही हात फिरवलेला नाही. मुठीतून पेन्सिलीचं टोक बाहेर आलेलं दिसतं, आणि गालावरचा वळही.